निलंगा आणि भोवतालचा मुलूख : दोघांनी मिळून पाहावा असा इतिहास

निलंगा हे लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव लातूर शहराच्या आग्नेयेला साधारण पन्नास किलोमीटरवर आहे. तालुक्याच्या कडेने मांजरा वाहते आणि औराद शहाजानीच्या परिसरात तेरणा तिला येऊन मिळते. तिथून कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. जमीन काळी, भारी आणि बहुतांशी सपाट आहे. मधूनच मुरमाड माळ लागतात, आणि काही ठिकाणी तांबड्या जांभ्या दगडाची बुटकी टेकाडे वर येतात. पूर्वी ज्वारीचे असलेले हे रान आता सोयाबीन आणि तुरीने भरलेले असते. या साध्या दिसणाऱ्या पठारावर सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या फेऱ्यात दीड हजार वर्षांची बांधकामे उभी आहेत. त्यांत कोरीव लेणी, कल्याणीच्या चालुक्यांच्या शैलीतले तारकाकृती देऊळ, दोन भुईकोट किल्ले आणि माळवदाची जुनी घरे येतात. यांतली प्रत्येक गोष्ट त्या त्या जागी मिळणाऱ्या दगडाने घडवलेली आहे. म्हणून इथला प्रवास दगडाकडे बघत केला तर त्याची संगती चांगली लागते.

गावाचा राज्यकारभाराचा इतिहासही समजून घेण्याजोगा आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात निलंगा तालुका बिदर जिल्ह्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे मराठी भाषक तालुके बिदरमधून निघून उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात आले आणि १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाल्यावर त्यात गेले. एकाच घरातल्या तीन पिढ्यांनी अशा रीतीने तीन जिल्हे पाहिले. निलंग्याच्या बोलीत कानडी आणि दख्खनी उर्दू सहज मिसळलेली आहे, सीमेपलीकडच्या गावांशी सोयरिकी आहेत आणि बाजारातले व्यवहार दोन्हीकडे चालतात. १९८५-८६ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले शिवाजीराव पाटील निलंगेकर याच गावचे. त्यांच्या नावामुळे निलंगा राज्यभर ठाऊक झाले, मात्र गावातले आठशे वर्षांचे देऊळ अजून फार थोड्या लोकांनी पाहिले आहे.

हा मुलूख दोघांनी मिळून पाहिला तर अधिक दिसतो, आणि त्याला साधे कारण आहे. देवळाच्या गाभाऱ्यात आणि लेण्यांत उजेड कमी असतो. समोरून टॉर्च मारली की शिल्प सपाट दिसते. एकाने बाजूला उभे राहून टॉर्च तिरकी धरली, तर दुसऱ्याला दागिन्यांची घडण, बोटांची पेरे आणि झिजून गेलेल्या चेहऱ्याची ठेवण दिसू लागते. मग दोघांनी जागा बदलायच्या. सोबतचा मित्र इथलाच असेल तर आणखी चांगले. पारावर बसलेले आजोबा ‘पाव्हणं, कुठलं म्हणायचं?’ असे विचारतात तेव्हा मित्राच्या घराण्याचे नाव कळताच ओळख निघते, आणि बंद असलेल्या दाराची किल्ली कुणाकडे आहे तेही कळते.

पाहण्याची सुरुवात गावातल्या नीलकंठेश्वर मंदिरापासून करावी. हे देऊळ साधारण बाराव्या-तेराव्या शतकातले, कल्याणीच्या चालुक्यांच्या शैलीतले आहे. चालुक्य तैलप दुसरा याने ९७३ साली राष्ट्रकूटांची सत्ता संपवली. पुढे अकराव्या शतकात सोमेश्वर पहिला याने राजधानी कल्याणीला, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला नेली. निलंग्याहून बसवकल्याण फार तर दीड तासाच्या वाटेवर आहे. विक्रमादित्य सहावा याने १०७६ ते ११२६ अशी पन्नास वर्षे तिथून राज्य केले. बिल्हण हा काश्मिरी कवी आणि ‘मिताक्षरा’ लिहिणारा विज्ञानेश्वर त्याच्याच दरबारातले. त्याचा मुलगा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ हा राजनीतीपासून पाककलेपर्यंत सगळे विषय घेणारा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. निलंगा या राजधानीच्या अंगणातले गाव होते. इतके कसबी देऊळ इथे का उभे राहिले, याचा उलगडा या शेजारातून होतो. युरोपातल्या घडामोडींशी मेळ घालायचा तर इटलीतल्या पिसा शहराच्या प्रसिद्ध मनोऱ्याचे काम ११७३ साली सुरू झाले. म्हणजे तिकडे संगमरवराचे मनोरे चढत होते त्याच सुमारास दख्खनेत काळ्या पाषाणाची अशी देवळे उभी राहत होती.

बोलण्यात या देवळांना सरसकट हेमाडपंती म्हटले जाते. यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला असून मराठवाड्यातली या धाटणीची कितीतरी देवळे त्याच्या आधीची आहेत. त्यांच्या बांधणीचे एक वैशिष्ट्य मात्र त्या नावाबरोबर सगळ्यांना माहीत असते. दगड एकमेकांवर बसवताना चुना वापरलेला नाही. खालच्या दगडाला खाच आणि वरच्या दगडाला तिच्यात बसणारे कूस, अशा जोडणीने आणि स्वतःच्या वजनाने भिंत उभी राहते. निलंग्याच्या देवळाच्या बाहेरच्या अंगाला बोट फिरवले तर दोन दगडांमधली रेघ डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळते. बेसाल्ट हा कठीण, बारीक कणांचा दगड असल्याने त्याची कडा इतकी धारदार घासता येते. त्याच गुणामुळे मूर्तीच्या गळ्यातल्या हाराचे मणी सुटे सुटे कोरता आले, आणि आठ शतकांच्या ऊन-पावसानंतरही ते टिकले.

देवळाचा तळविन्यास तारकाकृती आहे. एक चौकोन मध्यबिंदूभोवती थोडा थोडा फिरवत गेले की त्याचे कोपरे एकामागून एक बाहेर डोकावतात. त्या कोपऱ्यांना जोडणारी बाह्यरेषा ताऱ्यासारखी होते. दोरी, खुंटी आणि काटकोन एवढ्या साधनांनी ही आखणी जमिनीवर उतरवता येते. अशा आखणीमुळे बाहेरच्या भिंतीला पुष्कळ कोन पडतात, प्रत्येक कोनावर मूर्ती बसवायला जागा मिळते आणि प्रत्येक घडीत सावली धरते. भर दुपारी देऊळ एकसुरी काळे दिसते. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन आडवे आले की कोन न् कोन वेगळा होतो. देवळाला प्रदक्षिणा घालायची ती याच वेळी, आणि दोन वेळा. पहिल्या फेरीत खालचे थर आणि आखणी बघावी, दुसऱ्या फेरीत मूर्ती.

आत तीन गाभारे आहेत. मधल्या सभामंडपातून तीन बाजूंना तीन दारे जातात. अशा देवळाला त्रिदल मंदिर म्हणतात. एका गाभाऱ्यात नीलकंठेश्वराचे लिंग, दुसऱ्यात विष्णू आणि तिसऱ्यात हरगौरी आहे. हरगौरीच्या मूर्तीत गौरी शिवाच्या मांडीवर बसलेली असते. उमामहेश्वराची अशी शिल्पे देवळांच्या बाहेरच्या भिंतींवर पुष्कळ मिळतात, पण स्वतंत्र गाभाऱ्यात पूजेची मूर्ती म्हणून ती क्वचितच दिसते. निलंग्याच्या देवळाचे हे विशेष आहे. शिव आणि विष्णू एकाच छताखाली, एकाच मंडपातून दर्शन द्यावे अशा रीतीने बसवलेले आहेत. त्या काळातला इथला धर्मव्यवहार किती सामावून घेणारा होता, हे या रचनेवरून कळते. मंडपाच्या मधोमध उभे राहून एका जागी वळत गेले तरी तिन्ही देवांसमोर उभे राहता येते.

बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी हे या देवळाचे खरे वैभव. चालुक्य आणि यादव काळातल्या शिल्पशास्त्रात या देवांगनांचे प्रकार ठरलेले आहेत. आरशात बघत कुंकू रेखणारी दर्पणा, पायात नूपुर बांधणारी नूपुरपादिका, कडेवर मूल घेतलेली पुत्रवल्लभा, पत्र लिहिणारी पत्रलेखिका, अंगाभोवती साप घेतलेली विषकन्या अशी ती मालिका असते. मराठवाड्यात अंबाजोगाईजवळचे धर्मापुरी, देगलूर तालुक्यातले होट्टल आणि औंढा नागनाथ इथल्या देवळांवरही ही मंडळी भेटतात. निलंग्याहून पुढे हुमनाबादजवळच्या जलसंगीला गेले, तर तिथे लेखणी धरून विक्रमादित्याच्या स्तुतीचा मजकूर दगडावर उमटवणारी सुरसुंदरी पाहायला मिळते. त्यामुळे निलंग्याच्या मूर्ती बघताना त्या एकट्या गावच्या नाहीत, एका मोठ्या घराण्यातल्या आहेत हे ध्यानात ठेवावे. एकच विषय प्रत्येक गावच्या कारागिराने कसा वेगळा हाताळला, हे ताडून बघण्यातच या प्रवासाचा आनंद आहे. मूर्तीजवळ उभे राहिले की आधी पायांकडे बघावे. शरीराचा भार एका पायावर तोलल्यामुळे कमरेला येणारा बाक, त्याला तोल देणारा खांदा आणि त्या वळणाबरोबर तिरपी झालेली मेखला यांतून दगडात हालचाल आणलेली आहे.

देवळातून बाहेर पडल्यावर जुन्या वस्तीतून पायी हिंडावे. मराठवाड्यातल्या जुन्या घराचे दर्शनी अंग दगडी असते, मोठ्या दाराच्या पोटात माणूस वाकून जाईल असा दिंडी दरवाजा असतो, आणि दारातून आत गेल्यावर दोन्ही बाजूंना बसाउठायची ढाळज असते. घरावर माळवद असते. लाकडी खांब आणि तुळया, त्यांवर किलचण, त्यावर मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर पाणी न धरणारी पांढरी माती, असे ते सपाट छत. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर तापमान गेले तरी माळवदाखाली गारवा राहतो. भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, ओबडधोबड दगडांच्या आणि मातीच्या गाऱ्याच्या असतात. देवळाचा दगड घासून-तासून बसवलेला आणि घराचा दगड मिळेल तसा रचलेला, हा फरक पुढे भूकंपाच्या संदर्भात फार महत्त्वाचा ठरला.

सकाळी न्याहारीला गावात निलंगा राईस मिळतो. हळदीचा पिवळा, मसालेदार, गरमागरम भात गाड्यावर कागदात किंवा ताटलीत वाढून देतात. सोबत कांदा आणि लिंबू असते. पहाटे शेतावर किंवा बाजारात जाणाऱ्याचे पोट थोड्या पैशांत भरावे, ही त्याची खरी सोय. आता लातुरात आणि पुण्यातही या नावाच्या पाट्या दिसतात.

निलंग्याहून औशाच्या रस्त्याला लागले की औसा तालुक्यातले खरोसा लागते. काळ्या रानातून येताना खरोशाची टेकडी लांबूनच तांबूस दिसते, कारण ती जांभ्या दगडाची आहे. दख्खनच्या पठारावरच्या बेसाल्टवर ऊन-पावसाचा लाखो वर्षे मारा होऊन त्यातला विरघळणारा भाग वाहून गेला, लोखंड आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली आणि जांभा तयार झाला. बिदरच्या पठारावर याच दगडाचे मोठे थर आहेत, आणि बिदरचा किल्लाही त्याच्यावरच उभा आहे. जांभा खाणीतून नुकता काढलेला असताना मऊ असतो आणि उघड्यावर राहिला की टणक होतो. त्यामुळे कोरायला सोपा, पण अंगाने सच्छिद्र, म्हणून बारीक नक्षीला अपुरा. खरोशाच्या लेण्यांचे रूप या दोन गुणांनी ठरले आहे.

खरोशाला बारा लेणी आहेत आणि त्यांचा काळ सहाव्या शतकापासून पुढचा मानला जातो. म्हणजे निलंग्याच्या देवळाआधी पाच-सहाशे वर्षे इथे छिन्नी चालू होती. बहुतेक लेणी शैव-वैष्णव आहेत. नरसिंह, शिवपार्वती, कार्तिकेय आणि रावण यांची शिल्पे इथे पाहायला मिळतात. पहिल्या लेण्यातली बसलेली मूर्ती बुद्धाची म्हणून दाखवली जाते. रावण आणि शिवपार्वती हे विषय वेरूळच्या लेण्यांतही आहेत. वेरूळच्या कठीण बेसाल्टमध्ये प्रत्येक बोट आणि प्रत्येक दागिना शाबूत आहे. खरोशाच्या जांभ्यात कडा विरघळून गेल्या आहेत आणि मूर्तीचा मोठा आकार व तिचा आवेश तेवढा उरला आहे. घाईने बघणाऱ्याला भिंत नुसती खडबडीत वाटते. इथेच तिरकी टॉर्च कामाला येते. उजेड बाजूने पडला की आधी हात दिसतो, मग त्याच्या अंदाजाने खांदा, मग पूर्ण आकृती.

जेम्स बर्जेस या स्कॉटिश पुरातत्त्वज्ञाने १८७५-७६ च्या हंगामात बिदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांची पाहणी केली. तिचा वृत्तांत १८७८ साली प्रसिद्ध झाला. त्यात खरोशाच्या लेण्यांचे वर्णन आहे. त्यालाही इथली शिल्पे बरीच झिजलेली आढळली होती. त्यानंतर दीडशे पावसाळे झाले. सच्छिद्र दगडात पाणी मुरते, वाळताना क्षार पृष्ठभागावर येतात आणि त्याबरोबर दगडाचा पापुद्रा सुटतो. म्हणून या लेण्यांत भिंतीला हात लावू नये, टेकू नये आणि मूर्तीवर तेल किंवा रंग चढवू नये. टेकडीवर रेणुकामातेचे देऊळ असल्याने गावकऱ्यांची वर्दळ असते. लेणी त्यांच्या रोजच्या वाटेवर आहेत, आणि त्यांची राखण करण्याचे खरे बळ या आपलेपणातच आहे.

खरोशाहून पुढे औसा. औशाचा भुईकोट किल्ला बघताना त्याच्या जागेची निवड आधी समजून घ्यावी. बहुतेक किल्ले उंचावर असतात, हा खोलगट जागी आहे. भोवतीची जमीन चहूकडून चढत गेलेली असल्यामुळे किल्ला लांबून दिसत नाही. अगदी जवळ आल्यावरच त्याचे बुरूज नजरेत भरतात. आतल्या उंच बुरुजावरच्या पहारेकऱ्याला मात्र लांबवरून येणारी फौज दिसत असे. सपाट मुलखात डोंगराचा आधार नाही, तेव्हा जमिनीच्या उताराचाच असा उपयोग करून घेतलेला आहे. त्याशिवाय खोलगट जागेत पाणी सहज साठते, म्हणून खंदक भरलेला ठेवता येतो. बांधकाम बहामनी काळातले मानतात आणि त्याचा संबंध वजीर महमूद गावानशी जोडला जातो. लोहबंदी आणि अहशमा ही दारे ओलांडून आत जावे लागते. दार समोरासमोर ठेवलेले नाही, वाट वळवून नेलेली आहे. हत्तीला किंवा जमावाला धावत येऊन धडक देता येऊ नये हा त्यामागचा हेतू. आत जलमहाल आहे. वर पाण्याचा हौद आणि त्याखाली दालने, अशी ती रचना आहे. उन्हाळ्यात वरच्या पाण्याने खालची जागा थंड राहावी ही त्यामागची कल्पना.

बहामनी राज्याचे तुकडे पडल्यावर औसा आणि उदगीर हे किल्ले दख्खनच्या शाह्यांमध्ये हातोहात फिरले. मलिक अंबरच्या काळात ते निजामशाहीकडे होते. १६३६ साली शाहजहानच्या फौजांनी दोन्ही किल्ले वेढून घेतले, आणि निजामशाहीचा शेवट झाला त्याच वर्षी ते मोगलांकडे गेले. त्यानंतर आसफजाही निजामांचा अंमल आला.

उदगीरचा किल्ला निलंग्याच्या ईशान्येला आहे. वाटेत देवणी लागते. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके किंवा काळसर तोंड असलेली देवणी गाय याच गावाच्या नावाने ओळखली जाते. रंगावरून तिचे वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार करतात. ही जात दुधालाही चांगली आणि तिचे बैल काळ्या, चिकट रानात ओढकामालाही दमदार, म्हणून शेतकऱ्याने ती जपली. बैलबाजाराच्या दिवशी या वाटेने गेले तर शिंगांना रंग दिलेल्या, झूल घातलेल्या जोड्या पाहायला मिळतात.

उदगीरच्या कोटाभोवती चाळीस फूट खोल खंदक आहे. आत महाल, दरबाराच्या इमारती, अरबी-फारसी शिलालेख आणि जमिनीच्या पातळीखाली बरेच उतरून गेल्यावर उदयगीर महाराजांची समाधी आहे. मुसलमानी अमदानीच्या किल्ल्यात एका गोसाव्याची समाधी नांदत आली, आणि गावाचे नावही त्याच्याशीच जोडले जाते. मराठ्यांच्या इतिहासात उदगीरला मोठे स्थान आहे. १७६० च्या सुरुवातीला सदाशिवरावभाऊ निजामावर चालून गेले. निजामाची फौज उदगिराहून औशाच्या दिशेने सरकत होती. मराठ्यांनी तिला वाटेत गाठून कोंडले आणि ३ फेब्रुवारी १७६० रोजी तिचा पराभव केला. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना या वेळी मराठ्यांच्या बाजूने होता. तहात साठ लाखांहून अधिक उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, अहमदनगर, बऱ्हाणपूर, विजापूर यांसारखी ठाणी मराठ्यांना मिळाली. याच विजयामुळे भाऊसाहेबांकडे उत्तरेच्या मोहिमेचे सेनापतिपद आले, आणि वर्ष पुरे व्हायच्या आत, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत झाले. उदगीर आणि औसा यांच्यामधल्या सपाट रानातून गाडी जाते तेव्हा या लढाईचा भूगोल कळतो. आडोशाला डोंगर नाही, घोडदळाला अडथळा नाही. तोफांचा चौकोन करून सरकणाऱ्या फौजेला पाणी आणि रसद तोडणाऱ्या घोडेस्वारांपुढे टिकाव धरणे अशा जागी कठीण होते.

उदगीरजवळ देवर्जनचे हत्तीबेटही पाहण्याजोगे आहे. या टेकडीवर कोरीव गुंफा आणि गंगाराम महाराजांची समाधी आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात या भागातल्या कार्यकर्त्यांनी रझाकारांशी दिलेल्या झुंजींची आठवण या टेकडीशी निगडित आहे. २०२२ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९५ वे अधिवेशन उदगीरला भरले, तेव्हा सीमाभागातल्या या गावाकडे महाराष्ट्राचे पुन्हा लक्ष गेले.

या मुलखाचा प्रवास किल्लारीला गेल्याशिवाय पुरा होत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या आत, गणेश विसर्जन आटोपून माणसे झोपेत असताना, ६.२ क्षमतेचा भूकंप झाला. औसा तालुक्यातले किल्लारी आणि शेजारच्या उमरगा-लोहारा भागातली गावे जमीनदोस्त झाली. निलंगा तालुक्यालाही त्याची मोठी झळ बसली. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. भूकंपाची ताकद पाहता मृत्यूंचा आकडा फार मोठा होता, आणि त्याचे कारण घरांच्या बांधणीत होते. जाड भिंतींचे गोल, न घडवलेले दगड मातीच्या गाऱ्यात नुसते ठेवलेले होते. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना जोडणारे लांब दगड नव्हते. हादरा बसताच दोन्ही थर सुटले आणि वर्षानुवर्षे माती चढवून जड झालेले माळवद खाली आले. उन्हाळ्यात गारवा देणारी मातीच माणसांच्या अंगावर कोसळली.

भूकंपानंतर पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. नव्या गावांत सरळ, रुंद रस्ते आणि सुटी सुटी घरे आहेत. भिंतींना सिमेंट-काँक्रीटचे पट्टे देऊन त्या बांधून घेतल्या. ज्या गावांत घरे उभी होती तिथे जुन्या भिंतींना जोडदगड आणि पट्टे घालून त्या मजबूत करण्याचे काम झाले. किल्लारीत मृतांचे स्मारक आहे. तिथे जाताना पर्यटकाची नजर बाजूला ठेवावी. गावातल्या मोठ्या माणसांना त्या पहाटेविषयी आपणहून विचारू नये. कुणी सांगू लागले तर शांतपणे ऐकावे.

या प्रवासाला हिवाळा उत्तम. त्यातही मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास यावे. त्या दिवशी लातूर, धाराशिव आणि सीमेपलीकडच्या बिदर, कलबुर्गी भागात वेळ अमावास्या असते, बोलीत येळवस. शहरे रिकामी होतात, दुकाने बंद असतात आणि सगळी माणसे रानात गेलेली असतात. शेतात कडब्याची कोप करून तिच्यात पांडवांची पूजा होते आणि रानाला अंबील शिंपडली जाते. जेवणात ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबट अंबील, उंडे, बाजरीची भाकरी, गव्हाची खीर आणि मुख्य म्हणजे भज्जी असते. तूर, वाटाणा, हरभरा, वाल यांचे कोवळे दाणे, पालेभाज्या, गाजर, हिरव्या शेंगा असे त्या हंगामात रानात जे जे असेल ते बेसन लावून शिजवलेली ही भाजी मातीच्या भांड्यातून वाढतात. या दिवशी शेताच्या कडेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात. मित्राच्या शेतात जेवण झाले तरी शेजारच्या मावशी आपल्या कोपीत दोन घास खाल्ल्याशिवाय जाऊ देत नाहीत.

सगळे नीट पाहायचे तर दोन पूर्ण दिवस लागतात. पहिल्या दिवशी सकाळच्या उन्हात नीलकंठेश्वर, मग जुनी वस्ती, दुपारी सावली धरून खरोशाची लेणी आणि संध्याकाळी औशाचा किल्ला. दुसऱ्या दिवशी देवणीमार्गे उदगीर आणि हत्तीबेट, आणि वेळ उरला तर परतीला किल्लारी. आणखी एक दिवस हाताशी असेल तर बसवकल्याण आणि जलसंगी जोडून घ्यावे, म्हणजे निलंग्याच्या देवळाची राजधानी आणि त्याचे भावंड दोन्ही पाहून होतात. लातूरपर्यंत रेल्वे आहे, तिथून निलंगा, औसा आणि उदगीरसाठी एसटीच्या गाड्या मिळतात. खरोसा आणि हत्तीबेटला स्वतःची गाडी किंवा दुचाकी बरी. सोबत पाणी, टॉर्च आणि वही असावी. वाटेत ठिकठिकाणी जेवणाची सोय होते, पण लेण्यांपाशी आणि किल्ल्यांपाशी काही मिळेल असे धरून चालू नये.

या वास्तूंचे पुढे काय होणार, हे त्यांच्या भोवती राहणाऱ्या माणसांवर आणि बघायला येणाऱ्यांवर अवलंबून आहे. नीलकंठेश्वरात रोज पूजा होते. तिथे दिव्याची काजळी, तेलाचा थर आणि हौसेने लावलेला ऑईलपेंट यांपासून मूर्ती वाचल्या पाहिजेत. खरोशाच्या टेकडीवर पावसाचे पाणी लेण्यांच्या दर्शनी भागावरून वाहू न देता बाजूला काढून दिले तर झीज पुष्कळ कमी होईल. किल्ल्यांच्या तटात उगवलेली पिंपळाची रोपे लहान असतानाच काढली नाहीत तर मुळ्या भिंत फोडतात. यांतल्या पुष्कळशा गोष्टींना मोठा खर्च लागत नाही. शाळेच्या सहली निलंग्याहून वेरूळला जातात. त्यांनी वेरूळच्या आधी आपल्याच तालुक्यातल्या नीलकंठेश्वराला आणि शेजारच्या खरोशाला एक दिवस दिला, शिक्षकांनी मुलांच्या हाती टॉर्च देऊन ती तिरकी धरायला शिकवले, तर या दगडांची ओळख असलेली एक पिढी इथेच तयार होईल आणि राखणीचे काम ती आपणहून हाती घेईल.